मिस्सा, मोगरा आणि मोगली

१९९३-९४ च्या सुमाराची गोष्ट. विरारच्या पश्चिमेला, आगाशी आणि नंदाखालच्या मधल्या आमच्या पट्ट्यात, चर्चमध्ये रविवारच्या पहिल्या मिस्सेला लहान मुलांची गर्दी एकाएकी वाढली. एरवी ही मिस्सा म्हाताऱ्या माणसांची, नाहीतर ज्यांना उजाडताच वाडीत पाणी सोडायचं असतं त्यांची. आता पुढच्या चार बाकांवर पोरंच पोरं. केस ओले, शर्टाची बटणं खालीवर, डोळ्यांत अजून झोप. धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्या, आता सत्तरी ओलांडलेल्या एक बाई मला म्हणाल्या, "आम्हांला वाटलं, पोरं देवाला लागली. चार रविवारांनी कळलं की वाघाला लागलीत."

तो वाघ म्हणजे शेरखान. दूरदर्शनवरच्या कार्यक्रमाचं नाव 'द जंगल बुक', पण त्या नावानं तो आमच्याकडे कुणालाच ठाऊक नव्हता. त्यातल्या पोराच्या नावावरून आम्ही म्हणायचो 'मोगली', आणि तेही नपुंसकलिंगी. "मोगली लागलं रे!" अशी आरोळी रस्त्यावरून गेली की हातातलं काम तिथेच. दुसऱ्या मिस्सेला बसलं तर मोगली बुडायचं, म्हणून पहिली मिस्सा. इतकं साधं गणित होतं ते.

आम्हां हिंदू पोरांचं गणित वेगळं. आमच्या घरी मोगऱ्याची वाडी. हंगाम असला की पहाटे कळ्या खुडायच्या, टोपल्या भरून आईला आणि काकूला विरारहून सुटणाऱ्या पहाटेच्या लोकलला पोचवायच्या. फुलं दादरच्या बाजारात उजाडायच्या आत गेली पाहिजेत. रविवार असो की सोमवार, फुलाला सुट्टी नसते. पण त्या वर्षी आमच्या वाडीत रविवारी कळ्या जेवढ्या झपाट्यानं खुडल्या गेल्या तेवढ्या कधीच गेल्या नसतील. एका घरात मिस्सा लवकर आटपत होती, शेजारच्या घरात मोगरा, आणि दोन्ही घरांतली पोरं धुतलेल्या पायांनी एकाच ओटीवर येऊन बसत होती.

या लेखासाठी मी गेले दोन महिने वसई-विरारमध्ये माझ्या वयाच्या माणसांना एकच प्रश्न विचारत फिरलो. मोगली कुठे बघायचास? भुईगावात विचारलं, बोळिंजला विचारलं, अर्नाळ्याच्या बंदरावर जाळी विणत बसलेल्या दोघांना विचारलं, नालासोपाऱ्यातल्या चाळीत वाढलेल्या एका रिक्षावाल्याला विचारलं. "घरी" हे उत्तर क्वचितच आलं. मास्तरांकडे. पाटलांच्या पडवीत. चाळीत पहिल्या खोलीत, खिडकीच्या गजांना लटकून. पतपेढीच्या कार्यालयात, कारण शिपायाला किल्ली होती. प्रत्येकाला आपल्या मोगलीच्या आधी कुणा दुसऱ्याचं घर आठवतं, आणि त्या घरातली बसायची जागासुद्धा. तीस वर्षांत मला मोगलीबद्दल जे काही वाटत आलं आहे त्याचं मूळ इथे आहे. ज्याचा टीव्ही, त्याचं एकट्याचं मोगली कधीच नव्हतं.

आमचं मोगलीचं घर कुवेतवाल्यांचं. मित्राचे वडील आखातात नोकरीला होते आणि येताना रंगीत टीव्ही घेऊन आले होते. टीव्ही ओटीवर, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली, क्रोशाच्या पांढऱ्या रुमालाखाली झाकलेला. तो रुमाल फक्त मावशी, म्हणजे मित्राची आई, काढायची. आधी आमचे पाय बघायची. वाडीतून आलेल्याला विहिरीवर परत पाठवायची. मग सगळे बसले, लहान पुढे आणि उंच मागे, की रुमालाची चौघडी घालून ती तसबिरीच्या फळीवर ठेवायची आणि बटण दाबायची. मध्येच एका परातीतून सुकेळी फिरायची. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधासारख्या रंगाची, हाताला चिकटणारी. बघीरा बिबट्या फांदीवरून झेप घेतो आहे आणि दातांत सुकेळी अडकलं आहे, अशी ती चव माझ्या जिभेवर अजून आहे.

टीव्हीचं चित्र मात्र मावशीच्या हातात नव्हतं. ते वरळीच्या मनोऱ्याच्या आणि आमच्या समुद्राच्या हातात होतं. विरार चर्चगेटपासून साठ किलोमीटर. मुंबई केंद्राचं प्रक्षेपण इथवर पोचायचं, पण दमलेलं. विरारमध्ये त्या काळी टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणारे एक गृहस्थ भेटले. दुकान आता मोबाइलच्या काचा बदलून देतं, ते गल्ल्यावर बसतात. त्यांनी मला अँटेनाचं शास्त्र सांगितलं. सगळ्या अँटेना दक्षिणेकडे तोंड करून असायच्या. खाऱ्या वाऱ्यानं नळ्यांचे सांधे दोन पावसाळ्यांत पांढरे पडायचे आणि चित्रात मुंग्या यायच्या. माडाच्या झावळ्या वाऱ्यावर हलल्या की चित्रही हलायचं. शिवाय कावळे. "रविवारी सकाळी निरोपावर निरोप," ते म्हणाले. "बातम्यांना मुंग्या आल्या तर कुणी बोलवायचं नाही. मोगलीला मुंग्या आल्या की पोरगं सायकल घेऊन दारात उभं." एकदा ते कौलांवर चढले, अँटेना फिरवत खाली विचारत राहिले, "आलं का? आलं का?" खालून उत्तरच येईना. चित्र केव्हाच आलं होतं आणि सगळे बघत बसले होते.

ज्या घरांत टीव्ही काळा-पांढरा होता तिथल्या पोरांचं एक वेगळं मोगली होतं. मोगलीचा छोटा दोस्त कीची त्यांच्या पडद्यावर करडा दिसायचा. शेपूट झुबकेदार, तोंड टोकदार. आमच्या वाड्यांमधून असा एकच प्राणी पळतो, म्हणून सगळ्यांनी त्याला मुंगूस ठरवलं. मुंगूस दिसणं शुभ, त्यामुळे कीचीला विशेष मान होता. पुढे कुवेतवाल्यांच्या ओटीवर तो तांबडा निघाला तेव्हा मोठी फसवणूक झाल्यासारखं वाटलं. तो लाल पांडा आहे हे कळायला आणखी दहा वर्षं गेली, आणि लाल पांडा हिमालयात राहतो, मध्य भारतातल्या सिवनीच्या जंगलात त्याचं काही काम नाही, हे कळायला त्याहून जास्त.

त्याला तिथे आणलं जपान्यांनी. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या कंपनीनं ही मालिका १९८९-९० मध्ये तिकडच्या टीव्हीसाठी काढली. बावन्न भाग, म्हणजे खंड न पाडता दाखवले तर बरोबर एका वर्षाचे रविवार. मूळ गोष्टी रुडयार्ड किपलिंगच्या. किपलिंग जन्मला १८६५ मध्ये आपल्या मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. वडील तिथे शिकवत. पाचव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडलं. 'जंगल बुक' त्यानं लिहिलं ते अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, जिथे हिवाळाभर बर्फ असतं, आणि ते छापून आलं १८९४ मध्ये. सिवनीचं जंगल त्यानं स्वतः पाहिलंच नव्हतं. ते जंगल आज पेंच म्हणून ओळखलं जातं, आणि त्याचा दक्षिणेकडचा भाग आपल्या नागपूर जिल्ह्यात येतो. किपलिंगच्या साम्राज्यवादी मतांशी माझं काही जुळत नाही आणि जुळू नये असंच मला वाटतं. पण लांडग्यांच्या सभेत एका उघड्या पोराच्या बाजूनं अस्वल आणि बिबट्या उभे राहतात, हे त्यानं लिहिलं, आणि ते लिहिणाऱ्या हाताला माझा नमस्कार आहे.

भाषेचं प्रकरण तर विलक्षण. आमच्या त्या ओटीवर कादोडी बोलणारी पोरं होती, वाडवळी बोलणारी होती, पलीकडच्या कोळीवाड्यातली होती. शाळेत प्रमाण मराठी. हिंदी पाचवीपासून, धड्यापुरतं. आणि समोर अस्वल, साप, कोल्हा सगळे अस्खलित हिंदीत बोलतायत. माझ्या पिढीच्या वसईकराला हिंदी कुणी शिकवलं असेल तर बल्लू अस्वलानं. शिकवताना घोटाळेही झाले. 'भेड़िया' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा आमच्यातल्या शहाण्यानं तो 'भेड'वरून फोडला आणि सांगितलं, मोगलीला मेंढ्यांनी वाढवलं. मेंढ्यांना एवढे सुळे कसे, असं विचारल्यावर तो म्हणाला, उत्तरेकडच्या मेंढ्या तशाच असतात. दोन-तीन रविवार आम्ही मेंढ्याच समजून बघितलं. लांडग्यांच्या म्होरक्याचं नाव अकेला. एवढा कळप भोवती असताना हा अकेला कसा, यावर विहिरीच्या कठड्यावर बसून वाद झालेला मला लख्ख आठवतो. मित्राच्या आजीनं तो वाद सोडवला. "म्होरक्या झाला की माणूस एकटाच पडतो," ती म्हणाली आणि घागर उचलून गेली.

आणि शेरखान. तो पडद्यावर आला आणि त्यानं पहिलं वाक्य उच्चारलं तेव्हा ओटीच्या मागच्या बाजूला, कठड्याला टेकून उभे असलेले माझे वडील एकदम पुढे आले. "अरे, हा तर आपला नाना!" नाना पाटेकर मूळचे मुरुड-जंजिऱ्याचे, म्हणजे आमच्यासारखेच समुद्रकाठचे. 'प्रहार' येऊन गेला होता, 'तिरंगा' चालू होता, 'क्रांतिवीर' १९९४ मध्ये आला. तो तुटक, दातओठ खाऊन बोलणारा आवाज तेव्हा महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाच्या कानात होता. त्या दिवसापासून मोगली फक्त पोरांचं राहिलं नाही. वडील यायला लागले, मित्राचे काका आले, भाजीचा हिशोब घेऊन आलेला व्यापारी हिशोब तसाच ठेवून बसला. शेरखान दुष्ट आहे हे सगळ्यांना मान्य होतं, पण तो बोलायला लागला की मोठी माणसं खूश होऊन एकमेकांकडे बघायची. मोगली जिंकावा असं मला मनापासून वाटायचं. माझ्या वडिलांना तसं वाटत होतं की नाही, याची मला खात्री नाही. २०१६ मध्ये हॉलिवूडचा नवा 'जंगल बुक' हिंदीतून आला तेव्हा शेरखानचा आवाज पुन्हा नानांचाच होता. विरारमध्ये मी तो वडिलांना दाखवायला घेऊन गेलो. वाघ बोलला, आणि वडिलांनी बावीस वर्षांपूर्वीसारखंच खुर्चीत पुढे सरकून ऐकलं.

त्याच काळात दूरदर्शननं आमच्या डोक्याला आणखी एक कोडं घातलं. डिस्नेचं 'टेलस्पिन' सुरू झालं. त्यातही बल्लू! पण हा बल्लू विमान चालवतो. त्यातही शेरखान, पण तो सूट-टाय घालून मोठ्या कचेरीत बसतो आणि धंदा करतो. जपानी बल्लू मोगलीला जंगलाचा कायदा पाठ करायला लावणारा गुरुजी. अमेरिकन बल्लू आळशी, कर्जबाजारी, मनाचा मोठा. एकच प्राणी एवढा बदलला कसा? कुवेतवाल्याच्या पोरानं याचा जो उलगडा केला तो मला आजही बिनतोड वाटतो. मोगली गावात परत गेल्यावर बल्लूला जंगलात करमेना, म्हणून तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला. त्याच्या घरात वडील दोन वर्षांतून एकदा यायचे. बाहेरगावी गेलेला माणूस वेगळे कपडे घालून, वेगळ्या सवयी घेऊन परत येतो, हे त्याच्याइतकं आमच्यात कुणाला ठाऊक होतं?

मोगलीच्या गाण्याबद्दल लिहायलाच हवं. शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजांची; 'माचिस'च्या आधीचं हे त्यांचं गाजलेलं काम. त्या गाण्यात एक फूल आहे आणि त्या फुलानं चड्डी घातली आहे. देशभरातल्या पोरांना ती कल्पना गंमतीची वाटली असेल. पण ज्या घरात वर्षभर फुलंच खुडली जातात, मोजली जातात, केळीच्या पानात बांधली जातात, तिथे त्या ओळीचा परिणाम काय झाला असेल ते ध्यानात घ्या. खुडताना प्रत्येक कळीचा हिरवा देठ आम्हांला चड्डीसारखा दिसायला लागला. माझी चुलत बहीण कळ्या मोजताना "एक चड्डी, दोन चड्ड्या" असं मोजायची. माझी आजी देवासमोर बसलेली. तिच्या कानावर हे पडलं आणि ती कडाडली, देवाच्या फुलांना चड्ड्या म्हणता? पुढच्या रविवारी ती स्वतः ओटीवर येऊन बसली, गाणं नीट ऐकलं आणि मावशीला म्हणाली, "पोरगं उघडं हिंडतंय रानात, कुणीतरी चड्डी घातली ते बरंच झालं." त्यानंतर आमच्या घरी त्या शब्दावर बंदी राहिली नाही.

मोगलीच्या हातातलं बूमरँग हा आमच्या पट्ट्यातला उद्योगच झाला. माडाच्या झावळीचा बुडखा रुंद, वाकडा आणि हलका असतो. तो कोयत्यानं तासायचा, उन्हात वाळवायचा. फेकल्यावर तो परत येत नसे, पण लांब जाई. आमच्या वाडीच्या कडेला बावखल होतं. बावखल म्हणजे वाड्यांमधला गोड्या पाण्याचा खळगा; पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि खारं पाणी विहिरींपासून दूर ठेवतं. आमची सगळी बूमरँगं शेवटी त्यात पडायची. पोहून काढून आणायची, पुन्हा फेकायची. त्या वर्षी आमच्यातली चार पोरं मोगलीपायी पोहायला शिकली. पुढे ते बावखल भरणी टाकून बुजवलं गेलं. वसईतली हिरवाई आणि पाणी वाचवायला माणसं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून रस्त्यावर उतरलेली होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं नाव त्या लढ्याशी कायमचं जोडलेलं आहे. आमचं बावखल त्यातून वाचलं नाही. आज तिथे सात मजले उभे आहेत, आणि उन्हाळ्यात त्या सात मजल्यांना टँकरचं पाणी लागतं. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

आता पूर्वेकडे वळायला हवं. आमच्या ओटीवरून बघितलं तर रेल्वेच्या पलीकडे तुंगारेश्वराचा डोंगर दिसायचा, सकाळी निळा, संध्याकाळी तांबूस. मोगली तिथेच राहतो अशी आमची पक्की समजूत होती. २००३ मध्ये त्या डोंगराचं अभयारण्य झालं, पण बिबटे तिथे आधीपासून होते. आमच्या शाळेत त्या बाजूच्या पाड्यावरचा एक वारली मुलगा होता, नातेवाइकांकडे राहून शिकणारा. आम्ही त्याला एका रविवारी ओटीवर आणलं. त्यानं सगळा भाग शांतपणे बघितला. शेरखान आला, पोरं ओरडली, तो ओरडला नाही. बाहेर पडताना म्हणाला, "वाघाला असं बोलू नये. आमच्यात तो देव आहे." त्यानं सांगितलं, पाड्याच्या वेशीवर वाघोबा असतो, लाकडात नाहीतर दगडात कोरलेला, शेंदूर लावलेला. त्याला नारळ देतात, कोंबडा देतात, आणि तो गुरं राखतो. आम्ही गप्प झालो. मोगलीला वाघाशी भांडायला लागतं याचं त्याला नवल वाटत होतं, आणि वाघाला राखण करायला सांगता येतं याचं आम्हांला.

मार्च २०२४ च्या अखेरीस वसईच्या किल्ल्यात बिबट्या दिसला. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला तो किल्ला. तिथे पहाटे माणसं फिरायला जातात, लग्नाआधीचे फोटो काढून घेतात. वनखात्यानं कॅमेरे लावले, पिंजरे लावले, संध्याकाळच्या फेरीबोटीच्या फेऱ्यांवरही त्याचा परिणाम झाला. पंचवीसेक दिवस तो कुणाच्या हाती लागला नाही. त्या दिवसांत आमच्या शाळेच्या जुन्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच नाव फिरत होतं: बघीरा. चाळिशी गाठलेली माणसं, बँकेत, रेल्वेत, परदेशात असलेली, रोज सकाळी विचारायची, "बघीरा सापडला का?" आणि सापडू नये असंच बहुतेकांना वाटत होतं. एप्रिलमध्ये तो पिंजऱ्यात आला तेव्हा कुवेतवाल्याच्या पोरानं, तो आता स्वतः आखातात आहे, एवढंच लिहिलं की त्याला नीट सोडा.

त्या वारली मित्रालाही मी या लेखासाठी शोधून काढलं. तो आता शिक्षक आहे, डोंगरापलीकडच्याच एका शाळेत. मोगलीची आठवण काढताच तो मोठ्यानं हसला. मुलांना तो ती गोष्ट सांगतो, पण आपल्या पद्धतीनं: त्याच्या गोष्टीत शेवटी मोगली शेरखानाला नारळ देतो आणि वाघ त्याच्या म्हशी राखतो. मला विचाराल तर किपलिंगच्या शेवटापेक्षा हा शेवट सरस आहे.

मावशी आता पंचाऐंशीच्या घरात आहे. परवा गेलो तेव्हा तिची नात हातातल्या पडद्यावर कसलंसं कार्टून बघत होती. सुरुवातीचं गाणं लागलं की ती बोटानं पुढे ढकलायची. मी तिच्याकडून फोन घेतला आणि मोगलीचं गाणं लावलं. ती पुढे ढकलायला गेली तेव्हा मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, "ते पूर्ण लागू दे." मग ती बाहेर आली, माझे पाय धुतलेले आहेत का ते बघितलं आणि बसली. फळीवर क्रोशाचा रुमाल अजून होता, घडी घातलेला.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा दिवाळी तोंडावर असेल. वसुबारसेला तुम्ही गाय-वासराची पूजा कराल. त्याच तिथीला, तुंगारेश्वरापलीकडच्या पाड्यांवर वाघबारस असते.